एमबीबीएस फर्स्ट इयरची पुस्तकं: सगळा सेट आत्ताच घ्यायचा का? खर्च कसा कमी करता येईल?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला यंदा एमबीबीएसला नंबर लागलाय, मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजात. घरात पहिलीच डॉक्टर होणार, त्यामुळे सगळे खुश आहेत, पण आता खर्चाचं बघावं लागतंय. फी आणि हॉस्टेलची सोय झाली. आता सीनियर मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांची लिस्ट टाकलीय, अ‍ॅनॅटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, प्रत्येकाची दोन-दोन तीन-तीन पुस्तकं, वर अ‍ॅटलस (चित्रांचं पुस्तक), हिस्टॉलॉजी (ऊतींचा अभ्यास), एम्ब्रिओलॉजी (गर्भाच्या वाढीचा अभ्यास) वेगळं, अ‍ॅप्रन, डिसेक्शनचा (शवविच्छेदनाचा) किट. दुकानदाराला विचारलं तर त्याने सगळं मिळून बावीस हजारांच्या आसपास सांगितलं. सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नाहीत, आणि आले तरी त्यातले बावीस हजार एका झटक्यात पुस्तकांना घालणं आम्हाला जड आहे.

तिला कमी पडू द्यायचं नाहीये हे आधीच सांगतो. लागेल ते घेऊच, पण उगाच जाणारे पैसे वाचवायचेत. म्हणून विचारतो की सगळं पहिल्या दिवसापासून लागतं का, जुनी एडिशन चालते का, झेरॉक्स काढून बाइंडिंग करून घेतलं तर चालेल का (इथे एक जण निम्म्याहून कमी पैशात देतो म्हणाला), आणि अजून एक, ती दहावीपर्यंत मराठी मीडियमची आहे, अकरावी-बारावी इंग्लिशमधून केली पण जाड इंग्लिश पुस्तकांची तिला जरा भीती वाटतेय, तर तिला सोप्पं पडेल असं काही आहे का. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

इंटर्न_ताई

दादा सगळ्यात आधी बहिणीचं मनापासून अभिनंदन! आणि आता महत्त्वाचं, तो बावीस हजारांचा सेट अजिबात घेऊ नका, निदान पहिले दोन-तीन आठवडे तरी. त्या काळात फाउंडेशन कोर्स असतो, ओरिएंटेशन असतं, तेव्हा जाड पुस्तक कुणी उघडत नाही. तेवढ्या दिवसांत तिला कळेल की तिच्या कॉलेजला कुठले सर कुठल्या पुस्तकातून शिकवतात आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) काय विचारतात. हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, सीनियरची लिस्ट म्हणजे सगळ्यांनी घेतलेल्या पुस्तकांची बेरीज असते, त्यातली सगळी कुणी एकट्याने वाचलेली नसतात.

दुसरं म्हणजे अ‍ॅनॅटॉमी. आपल्याकडे बहुतेक जण चौरसियाच वापरतात आणि ते भागांमध्ये येतं. पहिल्या भागात अप्पर लिंब (हात) आणि थोरॅक्स (छाती), दुसऱ्यात लोअर लिंब (पाय), अ‍ॅब्डोमेन, पेल्व्हिस, तिसऱ्यात हेड नेक, चौथ्यात ब्रेन. दुकानदार सेटच द्यायला बघतो पण भाग सुटेही मिळतात. डिसेक्शन हॉलमध्ये शरीराचा जो रीजन चालू असेल तेवढाच भाग घ्यायचा. ब्रेन सहसा बऱ्याच उशिरा येतो, तोपर्यंत ते पैसे घरात राहतात, आणि तोवर जुना भाग विकणारं कुणी ना कुणी भेटतंच. फक्त तिच्या कॉलेजात सुरुवात कुठून होते ते आधी विचारून घ्या, काही ठिकाणी लोअर लिंबपासून करतात.

तिसरं, एका विषयाला एकच मुख्य पुस्तक. फिजिओलॉजीला गायटन (परदेशी लेखकाचं जाड पुस्तक) सगळे घेतात कारण ते छान आहे, खरंच छान आहे, मला स्वतःला हार्ट आणि किडनी त्यातूनच कळलं, पण परीक्षेला लिहायचं म्हटलं की मुलं शेवटी आपल्याकडच्या लेखकाचं मुद्देसूद पुस्तक हातात घेतात. मग गायटन लायब्ररीतून आणून जे चॅप्टर समजत नाहीत तेवढेच वाचायचे, विकत घ्यायचं ते एकच. बायोकेमिस्ट्रीलाही तसंच.

झेरॉक्सचं सांगते, अ‍ॅनॅटॉमीचं ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स म्हणजे पैसे वायाच. त्या चित्रांमध्ये आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी अशी दाखवलेली असते, झेरॉक्समध्ये तिन्ही काळ्या रेघा होतात आणि अ‍ॅक्सिलासारख्या (काखेसारख्या) ठिकाणी काय कुठून जातंय काही कळत नाही. हिस्टॉलॉजीची स्लाइड तर गुलाबी-जांभळ्या रंगावरच ओळखायची असते. त्यापेक्षा सीनियरचं जुनं ओरिजिनल रंगीत पुस्तक घ्या, त्याच्या आसपासच्याच पैशात मिळतं. फक्त नव्या पुस्तकांसोबत व्हिडिओ बघायला एक स्क्रॅच कोड येतो तो जुन्या पुस्तकात वापरलेला असणार, त्यासाठी म्हणून नवीन घ्यायची गरज नाही.

सेकंड_इयर_नागपूर

+१ इंटर्न ताईला. जुन्या एडिशनचं मी सांगतो कारण आमच्या बॅचमध्ये यावर खूप चर्चा झाली होती. फर्स्ट इयरला एक-दोन एडिशन मागचं पुस्तक बिनधास्त चालतं, हाडं आणि नसा बदलत नाहीत. पण एक बघा, २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रम सीबीएमईचा (मुलाला काय यायला हवं ते ठरवून आखलेला) झाला, त्यात प्रत्येक टॉपिकला एएन, पीवाय, बीआय (म्हणजे तीन विषयांची आद्याक्षरं) असे नंबर असतात. त्याच्या आधीच्या पुस्तकात हे नंबर नाहीत आणि क्लिनिकल भाग कमी आहे. मजकूर तोच, पण कुठला टॉपिक किती करायचा ते कळत नाही. त्यावर फुकटचा उपाय आहे, तो सगळा अभ्यासक्रम मेडिकल कौन्सिलने २०१८ ला काढला होता आणि २०२४ ला एनएमसीने (कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने) त्यात बदल केलेत, त्याची पीडीएफ एनएमसीच्या साइटवर आहे. फर्स्ट इयरच्या तीन विषयांची पानं काढून घ्या, तेवढ्याची झेरॉक्स मात्र नक्की काढा, आणि जुन्या पुस्तकात पेन्सिलने खुणा करत जा.

पुढच्या वर्षांना मात्र हे लागू नाही हं. फार्मॅक (औषधशास्त्र), पीएसएम (सामाजिक आरोग्य), मेडिसिन यांची पुस्तकं नवीनच हवीत. पीएसएमचं पार्क दर दोन वर्षांनी नवीन येतं, २०१९, २०२१, २०२३ अशी आली आहेत, आणि ते उगाच नाही. टीबीचंच बघा, आधी सरकारी प्रोग्रॅममध्ये गोळ्या आठवड्यातून तीन दिवस द्यायचे, २०१७ मध्ये देशभर रोज द्यायला सुरुवात झाली, २०२० मध्ये त्या प्रोग्रॅमचं आरएनटीसीपी हे नावच जाऊन एनटीईपी झालं. जुनं पार्क वाचून पेपर लिहिला तर मार्क जातात आणि पुढे पेशंटच्या बाबतीत तर ते चालणारच नाही. म्हणून आत्ता फर्स्ट इयरला जे पैसे शिल्लक राहतील ते त्या वर्षांसाठी बाजूला ठेवा.

ग्रंथपाल_निवृत्त

मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काम केलं, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. मुलं पुस्तकांच्या दुकानात आधी जातात आणि लायब्ररीत परीक्षेच्या आधी येतात, हा क्रम उलटा करायला सांगा बहिणीला. अ‍ॅडमिशनच्या आठवड्यातच लायब्ररी कार्ड काढायचं. फर्स्ट इयरच्या चालू पुस्तकांच्या भरपूर कॉपी असतात पण त्या पहिल्या काही दिवसांतच उचलल्या जातात, जो आधी आला त्याला मिळतात, आणि रिन्यू करत राहिलं तर कित्येकदा बरेच महिने एकच पुस्तक वापरता येतं. वेळेवर रिन्यू करायचं एवढंच, दंड लागू द्यायचा नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की मेन लायब्ररी सोडून प्रत्येक डिपार्टमेंटची स्वतःची छोटी लायब्ररी असते. अ‍ॅनॅटॉमी डिपार्टमेंटमध्ये महागातले अ‍ॅटलस तिथे कपाटात बंद असतात कारण मागायलाच कुणी जात नाही. घरी देत नाहीत पण तिथे बसून बघू देतात, डिसेक्शन संपल्यावर अर्धा तास तिथे बसलं तर तोच रीजन लगेच अ‍ॅटलसमध्ये बघता येतो, त्यासारखा अभ्यास नाही. अ‍ॅटलस विकत घेऊच नका असं माझं मत आहे.

बुक बँक आहे का तेही विचारा. काही कॉलेजात समाजकल्याणच्या पुस्तकपेढीतून संच मिळतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या पुस्तकांचं वेगळं कपाट असतं, ते वर्षभरासाठी देतात. नोटीस बोर्डावर कधी लागतं कधी लागत नाही, काउंटरवर तोंडाने विचारावं लागतं. आणि तुमच्या प्रवर्गाप्रमाणे महाडीबीटीवरच्या (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या) आणि इतर योजनाही बघून घ्या. उदाहरणार्थ अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालेलं नसतं त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाशिवाय मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना वर्षाला ५,००० रुपये शैक्षणिक साहित्यासाठी वेगळे धरलेत. पैसे उशिरा येतात, पण येतात, म्हणून अर्ज राहू देऊ नका. पावत्या जपून ठेवा.

कोथरूडकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढ्या कष्टाने सीट मिळालीय तर पुस्तकांवर पैसे वाचवू नयेत असं मला वाटतं. स्वतःचं पुस्तक असलं की माणूस त्यावर लिहितो, खुणा करतो, पुढे पीजीच्या अभ्यासालाही तेच उघडतो. लायब्ररीच्या पुस्तकाला तो जिव्हाळा येत नाही. माझ्या मुलाची फर्स्ट इयरची पुस्तकं अजून घरात आहेत.

इंटर्न_ताई

काका तुमचं म्हणणं पटतं, ज्या पुस्तकातून रोज अभ्यास करायचा ते स्वतःचंच हवं. मी पण तेच म्हणतेय, प्रत्येक विषयाचं एक पुस्तक स्वतःचं, त्यावर हवं तेवढं लिहा. पण लिस्टमधली बाकीची पुस्तकं कपाटातच राहतात आणि वर्षाच्या शेवटी कोरीच विकली जातात, हे मी आमच्या हॉस्टेलला दरवर्षी बघितलंय. ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनी घ्यावीत, काहीच हरकत नाही. पण ज्या घरात बावीस हजारांचा विचार करावा लागतो तिथे मुलीला त्याचंच टेन्शन येतं, ती घरी सांगत नाही आणि मेसचे पैसे वाचवायला बघते. माझ्या रूमवर असं झालंय म्हणून कळकळीने सांगते. आणि पीजीच्या वेळी मुलं फर्स्ट इयरच्या जाड पुस्तकांकडे फार कमी वळतात काका.

मांजराकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आम्ही स्वाधारमध्ये बसत नाही पण महाडीबीटीवर आमच्या प्रवर्गाचं काय आहे ते बघतो. दोन शंका राहिल्यात. झेरॉक्स बाइंडिंगवाला म्हणतो की कोर्टानेच परवानगी दिलीय, विद्यार्थ्यांसाठी चालतं, हे खरं आहे का? आणि सीनियर मुलांनी टेलिग्रामवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ आहेत असं सांगितलंय, त्याचं काय करावं?

वकिली_पुणे

कोर्टाचं अर्धवट सांगतोय तो. प्रकरण दिल्लीचं आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि दिल्ली युनिव्हर्सिटीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस केली होती. शिक्षक वेगवेगळ्या पुस्तकांतली लागतील तेवढी पानं निवडून द्यायचे आणि दुकानदार त्याचा एक गठ्ठा बांधून मुलांना विकायचा, त्यावर वाद होता. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने प्रकाशकांचा दावा फेटाळला, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिक्षणाच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानेही मुख्य मुद्दा तोच धरला, पण शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढंच, हे बघायला हवं असं म्हणून काही भाग परत पाठवला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तो निकाल विद्यार्थ्यांसाठी फार मोठा आहे, त्याची किंमत कमी करायची नाही मला.

पण त्याचा अर्थ असा नाही की बाजारात सहज मिळणारं आठशे पानांचं आख्खं पुस्तक छापून, बांधून, कव्हर लावून धंदा करायचा. एखादा चॅप्टर, लायब्ररीच्या पुस्तकातली काही पानं, सरांनी सांगितलेला भाग, याची झेरॉक्स निर्धास्त काढा. आख्ख्या पुस्तकाची डुप्लिकेट कॉपी विकणारा तुम्हाला कोर्टाचं नाव सांगतोय तो स्वतःच्या सोयीसाठी. टेलिग्रामच्या पीडीएफनाही कलम ५२ चा आधार मिळत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडचे लेखक स्वतः मेडिकल कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक असतात, रात्री जागून लिहितात. फुकट आणि रीतसर मिळणारं इतकं आहे की त्याची गरज पडू नये, ते इथले डॉक्टर लोक जास्त सांगतील.

भूलतज्ञ

हो मी सांगते. मराठी मीडियमवाल्या बहिणीसाठी आधी. अमेरिकेत ह्यूस्टनला राईस युनिव्हर्सिटी आहे, त्यांचा ओपनस्टॅक्स नावाचा प्रकल्प आहे, तो पूर्ण पुस्तकं मोफत देतो, पीडीएफ रीतसर उतरवून घेता येते. त्यात अ‍ॅनॅटॉमी अँड फिजिओलॉजीचं एक पुस्तक आहे. ते एमबीबीएसला पुरेसं नाही हे लक्षात ठेवा, नर्सिंग वगैरे करणाऱ्यांच्या पातळीचं आहे, पण इंग्लिश साधं आणि चित्रं रंगीत आहेत. तिने उद्याच्या लेक्चरचा टॉपिक आदल्या रात्री त्यातून वाचला की वर्गात शब्द ओळखीचे वाटतील आणि मग जाड पुस्तकाची भीती आपोआप कमी होईल. मी पण झेडपी शाळेतून आलेली आहे, पहिले काही महिने भाषाच जड जाते, विषय नाही. खरं तर मेडिकलचे शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेत, ते कॉन्व्हेंटच्या मुलांनाही नवीनच असतात, तिला हे नक्की सांगा.

‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ या जुन्या प्रसिद्ध पुस्तकाची १९१८ ची एडिशन कॉपीराइटमधून बाहेर आहे, इंटरनेट अर्काइव्हवर आख्खी आहे, चित्रं विकिमीडियावर सुटी मिळतात. मजकूर वाचू नका, नावं आणि एम्ब्रिओलॉजी जुनी आहे, पण हाडांची आणि मसलची चित्रं बघून बघून काढायला अजूनही अप्रतिम. या पुस्तकाची मूळ चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये, म्हणजे पुस्तक निघालं त्याच वर्षी, मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनॅटॉमी शिकवली आणि पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगावर त्यांचं काम आहे. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, म्हणून सांगितलं.

एखाद्या टॉपिकवर क्लिनिकल माहिती हवी असेल तर अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी साइटवर बुकशेल्फ नावाच्या विभागात स्टॅटपर्ल्सचे वैद्यकीय लेख आहेत, मोफत, छोटे, आणि वेळोवेळी अपडेट होतात. आणि आयआयटी खरगपूरने चालवलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीत नोंदणी करून ठेवा, पैसे लागत नाहीत.

एक विनंती, फर्स्ट इयरलाच पीजी एन्ट्रन्सच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेऊ देऊ नका. सीनियर ग्रुप डिस्काउंट म्हणून मागे लागतात. पुस्तकांपेक्षा मोठा खर्च तो आहे आणि फर्स्ट इयरला त्याची गरज नाही.

आप्पा_बळवंत

जुनी पुस्तकं घेताना काय बघायचं ते लिहितो, पुण्यात आप्पा बळवंत चौकात वर्षानुवर्षं फिरतोय. पुस्तक मधूनच उघडा, शिलाई सुटलीय का बघा, रंगीत पानं गायब नाहीत ना ते चाळा. फार हायलायटर मारलेलं घेऊ नका, दुसऱ्याने जे महत्त्वाचं मानलं तेवढंच डोळ्यात भरतं. पेन्सिलच्या खुणा चालतात. रस्त्यावर अगदी नवं कोरं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळालं तर ते बहुतेक डुप्लिकेट असतं, कागद पातळ, मागची छपाई पुढे दिसते, लाल रंग केशरी झालेला असतो, आणि इंटर्न ताईने रंगांचं जे लिहिलंय ते नीट वाचा म्हणजे अशी कॉपी का नको ते कळेल. तुम्हाला पुण्या-मुंबईला यायची गरज नाही, संभाजीनगरला औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं आहेत, पण त्याहीपेक्षा कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये फर्स्ट इयरचा रिझल्ट लागला की तोच खरा बाजार असतो.

नवीन घ्यायचं ते पाच-सहा मुलींनी मिळून एकदम घ्या, एमआरपीवर सूट मिळतेच, एकत्र घेतलं की आणखी सोडतात. परदेशी लेखकाचं असेल तर साउथ एशिया किंवा इंडियन एडिशन आहे का ते विचारा, ती तिकडच्या एडिशनच्या मानाने बरीच स्वस्त असते.

मांजराकाठ

आज बहिणीशी फोनवर बोललो, तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिच्या कॉलेजात अप्पर लिंबपासूनच सुरुवात आहे, त्यामुळे चौरसियाचा पहिला भाग, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचं एक एक, तिन्ही सीनियरकडून जुनी घ्यायची ठरलीत. लायब्ररी कार्डाचा फॉर्म उद्या भरतेय. झेरॉक्सवाल्याला नाही सांगितलं. फक्त बोन सेटचं (अभ्यासाच्या हाडांच्या संचाचं) राहिलं, एक सीनियर कवटीसकट विकतोय, दुसरा म्हणतो की प्लॅस्टिकचा नवीन घे. काय करावं?

सेकंड_इयर_नागपूर

प्लॅस्टिकचा नको, त्यात मसल अटॅचमेंटच्या खुणा आणि बारीक भोकं नीट येत नाहीत आणि व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात. सीनियरचा घ्या पण एकटीने नको, रूममधल्या दोघी-तिघींनी मिळून एक सेट पुरतो, शिकायलाही बरं पडतं कारण एकमेकींना हाड देऊन साइड (डावं की उजवं) ओळखायला लावता येते. आधी डिपार्टमेंटमधून हाडं इश्यू करतात का ते विचारा, तसं असेल तर विकतचा लागणारच नाही.

घेताना कवटी उजेडात धरून बघा, खालच्या बाजूला कानाजवळ स्टायलॉइड प्रोसेस असते, बारीक टोकदार, ती बहुतेक जुन्या कवटीत तुटलेली असते, ती शाबूत असेल तरच सांगितलेली किंमत द्या. मँडिबल (खालचा जबडा) वेगळा येतो तो त्याच कवटीला बसतो का ते बघा. हाता-पायाचे पंजे तारेत ओवलेलेच घ्या, सुट्या कार्पल (मनगटाच्या) हाडांतली एक-दोन हमखास हरवलेली असतात. अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिस हे दोन मणके आहेत ना ते मोजून घ्या. आणि सगळं बघून झाल्यावर किंमत थोडी कमी करायला सांगा, आम्ही सीनियर लोक आधी वाढवूनच सांगतो.